नकाराची जागा

यंत्राचा आवाज बदलला तेव्हा हेमांगी स्वयंपाकघरात दोडक्याच्या शिरा काढत होती. गेली दोन वर्षं त्या यंत्राचा सूर तिच्या कानात इतका बसला होता, की तो चालू आहे हे तिला जाणवतही नसे. तो बदलला की मात्र लगेच कळे. हातातलं सोलाणं टाकून ती धावली.

मुकुंद पलंगावर उशांना टेकून बसलेला होता, तोंडावर मास्क होता, छाती वरखाली होत होती. यंत्र बॅटरीवर गेलं होतं आणि पिवळा दिवा लुकलुकवत कोकलत होतं. भिंतीपासून यंत्रापर्यंत आलेली करडी वायर मधोमध कुरतडलेली होती, आतली तांब्याची तार उघडी पडली होती. सुरक्षेचा खटका वेळेवर पडला म्हणून मांजर जिवंत होती. ती पलंगाखाली बसून, काही घडलंच नाही अशा थाटात, पंजा चाटत होती.

"तिसरी वायर," हेमांगी म्हणाली. "तिसरी, मुकुंद! ही बॅटरी किती वेळ टिकते माहीत आहे ना तुला? मी बाजारात असते तर?"

मुकुंदने मास्क बाजूला केला. "तिला... निकाल मान्य नाही."

"मास्क लाव आधी!"

मांजरीचं नाव अपील. ते मुकुंदनेच ठेवलं होतं. मुकुंद तांबट सांगलीच्या ग्राहक न्यायालयात पंचवीस वर्षं वकिली करत होता. वजनात कमी भरणारा बिस्किटांचा पुडा असो की थंड न करणारा फ्रिज, त्याला कुठलंच भांडण लहान वाटलं नाही. हे पिल्लू घरात आलं, तेव्हा हेमांगीने त्याला लागोपाठ चार वेळा बाहेर ठेवलं आणि चारही वेळा ते खिडकीतून परत आत आलं. "ही खालच्या कोर्टाचा निकाल मानणारी नाही," मुकुंद म्हणाला होता. त्यानंतर वर्षभरात त्याची फुप्फुसं आतून कडक होत चालल्याचं निदान झालं, वकिली सुटली आणि मिरजेच्या या दोन खोल्यांत यंत्राच्या तालावर श्वास घेणं एवढंच त्याचं काम उरलं. यंत्र प्राणवायू दाबाने आत ढकलायचं. मास्क काढून तो काही मिनिटं बोलू शकायचा, मग ओठ निळसर व्हायला लागायचे. अपील दिवसभर त्याच्या पायांशी असायची.

वायरींची खोड सगळ्याच मांजरांना लागली होती, त्याला कारणही होतं. प्लास्टिकवर बंदी आल्यापासून वायरींचं आवरण मक्याच्या स्टार्चपासून बनत होतं. माणसाला त्याचा वास येत नसे, मांजरांना येई. हेमांगीने कारल्याचा रस फासून पाहिला. अपीलने तो चाटला आणि मिशा पुसल्या. संत्र्याच्या साली ठेवल्या, तर तिने त्या खेळायला घेतल्या. पांढरा पाइप घातला, तर पाइपाच्या तोंडाशी जी चार बोटं वायर उघडी राहत होती, नेमकी तीच तिने गाठली. हेमांगीने तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. एक मांजर आपल्याला दरवेळी हरवते, याचा तिला खरंच राग यायचा.

त्या दिवशी तिने मैथिलीला फोन केला.

मैथिली त्यांची एकुलती मुलगी. मेंदूतले संकेत वाचणारी उपकरणं बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. शनिवारी ती आली ती एक चपटी डबी घेऊनच. डबीत बोटभर रुंदीची, कातडीच्या रंगाची पट्टी होती.

"मृदू," ती म्हणाली. "आमची मृदूपट्टी. मांजरांसाठी हीच पहिली. कानांच्या मागे चिकटवायची, बस्स."

"शॉक देते का?" मुकुंदने विचारलं.

"छे! बाबा, ऐक. कुठलीही गोष्ट करण्याआधी मेंदू तिची तयारी करतो. दात लावण्याआधी अपीलच्या डोक्यात एक बारीक लाट उठते. प्रत्येक सवयीची लाट वेगळी. पट्टी पहिले काही दिवस नुसती ऐकत राहते. पट्टीबरोबरचा कॅमेरा बघतो, वायर तोंडात कधी गेली, आणि पट्टी मागे जाऊन शोधते, त्याच्या जरा आधी कुठली लाट उठली होती. एकदा ती ओळखू आली, की पुढच्या वेळी लाट उठता उठताच पट्टी अतिध्वनीचा झोत सोडते. सोनोग्राफीत असतो ना, तसलाच, कानाला ऐकू न येणारा ध्वनी. तो मेंदूच्या आत मोहरीएवढ्या जागेवर नेमका पडतो. तिथल्या पेशी क्षणभर सैल पडतात आणि लाट विरून जाते."

"आणि तिला काय वाटतं?"

"काहीच नाही. आपण आतल्या खोलीत जातो आणि कशाला आलो तेच विसरतो, तसं होतं."

मुकुंदने मास्क उचलला. "हे मला मान्य नाही. वायर झाकणं हे आपलं काम. मांजरीचं डोकं झाकणं नव्हे."

"बाबा, ती वायर तुझ्या श्वासाची आहे!" मैथिलीचा आवाज चढला. "मी तिकडे पुण्यात बसून रोज फोनकडे बघत असते. ही चावते, तू हसतोस आणि आई एकटी मरमर मरते."

मुकुंदने मास्क पुन्हा तोंडावर ओढला. हेमांगीने अपीलला मांडीवर घेतलं आणि मैथिलीने पट्टी चिकटवली.

पट्टीने काम चोख केलं. आठवड्याभरात अपील वायरीजवळून अशी जायला लागली, जणू ती तिथे नाहीच. कधी थबकायची, मान जराशी पुढे करायची आणि मग पापण्या मिटून तिथेच बसायची. हेमांगी कितीतरी दिवसांनी निवांत आंघोळ करू शकली. तंतुवाद्यांच्या गल्लीतून फिरून येऊ शकली. एका दुकानात कोणीतरी नवा तानपुरा लावून बघत होतं, तिथे ती चक्क थांबून ऐकत राहिली.

पण हळूहळू दुसरंही दिसायला लागलं. बाजारातून पिशवी आली, की अपील आधी आत डोकं घालायची. आता पिशवी जमिनीवर तशीच पडून राहायची. खिडकीच्या गजांवर कबूतर येऊन बसलं, तरी ती नुसती बघायची. बेल वाजली की दाराशी पहिली पोहोचणारी ती, आता उठतही नव्हती.

"हे मांजर नाही," मुकुंद एका सकाळी म्हणाला. "ही उशी आहे."

"उशी तर उशी," हेमांगी म्हणाली. "तू श्वास घेतोयस. मला तेवढं पुरे आहे."

तिने फोनवर मैथिलीला विचारलं मात्र. मैथिली म्हणाली, "होतं असं. वायर चावणं आणि नव्या वस्तूकडे जाणं, दोन्हीच्या लाटा खोलवर एकाच मुळातून येतात. मूळ दाबलं की दोन्ही दबतात. आम्ही ते वेगळं करायचा प्रयत्न करतोय, आई. पुढच्या आवृत्तीत होईल."

पुढची आवृत्ती माणसांसाठी होती.

मुकुंदचा मास्कशी असलेला उभा दावा काही मिटला नव्हता. बोलायला तो मास्क काढायचा, लिंबू पिळलेल्या पोह्यांचा वास घ्यायला काढायचा, टीव्हीवरच्या बातमीला उत्तर द्यायला काढायचा. एकदा हेमांगी औषधं आणायला गेली असताना एका जुन्या पक्षकार बाईंचा फोन आला. त्यांच्या वॉशिंग मशीनचा काही वाद होता. मुकुंद मास्क काढून त्यांना कलमं समजावत राहिला आणि बोलता बोलताच त्याची मान कलली. हेमांगी परत आली तेव्हा फोनमधून त्या बाई "वकीलसाहेब, वकीलसाहेब" अशा हाका मारत होत्या.

आठ दिवस दवाखान्यात गेले. घरी आल्यावर हेमांगीने त्याला उशांना टेकवलं, मास्कचे पट्टे नीट केले आणि पलंगाच्या काठावर बसून ती रडायला लागली. ओरडली नाही, बोल लावला नाही. "मी दमले, मुकुंद," एवढंच म्हणाली.

मैथिलीने तेव्हाच विचारलं. कंपनी माणसांवर चाचणी सुरू करत होती. जे रुग्ण मास्क काढतात, नळ्या उपसतात, औषध थुंकतात, त्यांच्यासाठी. नवं, जास्त चांगलं श्वासयंत्रही चाचणीबरोबर मिळणार होतं. चाचणीचे प्रमुख साळगावकर व्हिडिओवर आले. गोड बोलणारा, पन्नाशीचा, प्रत्येकाला काका-काकू म्हणणारा माणूस.

मुकुंदने सगळं ऐकून घेतलं. मग मास्क काढून तो हेमांगीकडे बघून म्हणाला, "तुझ्यासाठी. एक पंधरवडा. पण अट आहे. पंधरवडा झाला की पट्टी काढायची आणि मला परत विचारायचं. काढून मग विचारायचं. कळलं?"

"अर्थातच, काका," साळगावकर म्हणाले.

पट्टी कानामागे बसली आणि काही दिवसांतच मुकुंद मास्कला हात लावेनासा झाला. त्याचा हात उचलला जायचा, गालापर्यंत यायचा आणि तिथून परत मांडीवर जायचा. यंत्राच्या पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा कधी नव्हे इतका वर राहिला. डॉक्टर खूश होते. मैथिली फोनवर रडली, आनंदाने. हेमांगीला पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. सकाळी उठली तेव्हा तिला स्वतःचे हात हलके वाटले.

त्या सुखात तिने काही गोष्टींकडे बघायचं टाळलं. भाजी अळणी झाली तरी मुकुंद काही बोलला नाही. टीव्हीवर एक मंत्री बेधडक खोटं बोलत होता, तरी मुकुंदची भुवई हलली नाही. त्या वॉशिंग मशीनवाल्या बाईंचा पुन्हा फोन आला. स्पीकरवर त्या म्हणाल्या, "कंपनी म्हणते मशीन बदलून मिळणार नाही." मुकुंद म्हणाला, "जाऊ द्या." पलीकडून बाई म्हणाल्या, "वकीलसाहेबच बोलताय ना?"

पंधरवडा भरत आला तसे साळगावकर पुन्हा पडद्यावर आले. हेमांगी चहा घेऊन दारात उभी होती.

"काका, तब्येत छानच दिसतेय. चाचणी आपण वर्षभर वाढवू या का?"

"वाढवू या," मुकुंद म्हणाला.

"काही तक्रार?"

"नाही."

"उत्तम! हे मी रेकॉर्ड केलंय बरं का, संमती म्हणून."

"थांबा," हेमांगी पुढे आली. "पट्टी काढून विचारायचं ठरलं होतं."

साळगावकर हसले. "काकू, मध्येच काढली की शिकवलेलं सगळं मोडतं. आणि काका स्वतःच हो म्हणालेत की. आता आणखी काय विचारायचं?"

पडदा काळा झाला. हेमांगीने चहाचा कप मुकुंदपुढे धरला आणि तिच्या तोंडून सहजच निघून गेलं, "साखर विसरले बहुतेक. मीठ घालू?"

"घाल," मुकुंद म्हणाला.

ती कप धरून तशीच उभी राहिली.

"मुकुंद, अपीलला सोडून येऊ का कुठेतरी? लांब, नदीपलीकडे?"

"ये सोडून."

"आणि तुला? तुला एखाद्या केंद्रात ठेवून मी मैथिलीकडे गेले तर चालेल?"

"चालेल. जा."

त्याच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, टोमणा नव्हता, दुःखही नव्हतं. डोळे स्वच्छ आणि रिकामे होते. लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्याशी भांडत आला होता, पडद्यांच्या रंगावरून, देवावरून, मैथिलीच्या नावावरून. तिने किती वेळा वैतागून म्हटलं होतं, एकदा तरी हो म्हण! आता तो सगळ्याला हो म्हणत होता, आणि त्या खोलीत ती एकटी होती.

तिच्या डोक्यात मैथिलीचं वाक्य घुमलं. मूळ एकच. मास्क ढकलणारी लाट आणि जगाला ढकलणारी लाट एकाच मुळातून उठते. पट्टीने मास्क वाचवला होता आणि नकाराची जागाच पुसून टाकली होती.

हेमांगीने कप खाली ठेवला. कापूस ओला केला, मुकुंदच्या कानामागे हलकेच फिरवला, डिंक सुटेपर्यंत. पट्टी सोलून तिने ती टेबलावर टाकली. मग अपीलला उचललं आणि तिचीही काढली. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी पडल्या. एक लहान, एक मोठी.

कपातला चहा कोमट होण्याआधीच फोन आला.

"काकू, काकांच्या पट्टीचा सिग्नल गेलाय."

"गेला नाही. मी काढली."

"अहो, असं कसं? त्यांची वर्षभराची संमती आहे आपल्याकडे."

"ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं हो तुम्ही कशात धरता, साळगावकर?" हेमांगीचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचायचा तसा निघाला. "मी त्याला विचारलं, चहात मीठ घालू? तो घाल म्हणाला. ती संमती आहे का?"

पलीकडचा गोडवा आटला. "काकू, यंत्र चाचणीचं आहे. तुम्ही बाहेर पडलात तर ते परत घ्यावं लागेल."

"घेऊन जा. माळ्यावर आमचं जुनं आहे."

मग मैथिलीचा फोन. ती ओरडतच होती. "आई, तू काय केलंस? जुन्या यंत्राचा दाब कमी पडतो! बाबा पुन्हा मास्क काढेल आणि एक दिवस तू घरी नसशील! तुला कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

"मैथिली, तुझ्या पट्टीने माझ्या घरात एक परका माणूस आणून बसवला. फार चांगला माणूस आहे. पण मी त्याच्याशी लग्न केलेलं नाही."

मैथिलीने फोन ठेवून दिला.

त्यानंतरचे दिवस हेमांगीला सगळ्यात जड गेले. तिला वाटलं होतं, पट्टी निघाली की मुकुंद लगेच परत येईल. तसं झालं नाही. लाट रोज दाबली गेल्याने तिच्या वाटा पुसट झाल्या होत्या, शेतातली पायवाट वापरली नाही की गवत माजतं तशा. "काय खाशील?" "काहीही." "खिडकी उघडू?" "उघड." रोज तेच. तिने मुद्दाम त्याच्यासमोर चुकीचे कायदे सांगितले, त्याच्या नावडत्या पुढाऱ्याचं भाषण लावलं. तो शांत. आपण उशीर केला, ही भीती ती घरभर बरोबर घेऊन फिरत होती. मैथिलीचा फोन नव्हता. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

पण ती हटली नाही. वायरींचा प्रश्न तिने हातात घेतला. गिझरला असतो तसला लवचीक स्टीलचा पाइप आणला, संपूर्ण वायर त्यातून ओवून घेतली, दोन्ही टोकांना घट्ट टोपणं बसवली, चार बोटंसुद्धा उघडी ठेवली नाहीत. अपीलला चघळायला कुंडीत गहू पेरले. रोज संध्याकाळी सुतळीला चिंधी बांधून ती खोलीभर ओढत फिरायची. पहिल्या दिवशी अपील बसूनच राहिली. हेमांगी गुडघे दुखेपर्यंत फिरली. कितीतरी संध्याकाळी गेल्या, आणि एकदा चिंधी समोरून गेली तेव्हा अपीलच्या शेपटीचं टोक हललं.

मुकुंदचं परतणं उपम्याच्या बशीत झालं. त्याने एक चमचा तोंडात घातला, मास्कच्या कडेने. चावायचा थांबला. कपाळावर एक आठी उमटली, अगदी सावकाश, जुन्या दाराची कडी सरकावी तशी.

"हेमा," तो म्हणाला. "हा उपमा आहे... की गिलावा?"

हेमांगीने तोंडाला पदर लावला. हसू आणि रडू एकदमच आलं. "गिलावा आहे! खा मुकाट!"

"नाही खाणार," मुकुंद म्हणाला आणि बशी त्याने बाजूला सारली.

पुढे रोजची भांडणं सुरू झाली. मास्क काढण्यावरून तर कडाक्याची. पण आता हेमांगी भांडताना त्याच्याकडे बघायची. तो मास्क का ढकलतो, हे तिने इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, मास्कच्या आतून बोललं की माझा आवाज मला माझा वाटत नाही. मग त्यांचं ठरलं. बोलायचं असेल तेव्हा त्याने हात वर करायचा, तिने येऊन आकड्यावर नजर ठेवायची आणि मग मास्क काढायचा. तो करार त्याने निम्म्या वेळा मोडला. निम्म्या वेळा पाळला.

मैथिली आली ती न सांगता, एका दुपारी, पाठीला सॅक लावून. दारातच उभी राहिली. अपील पलंगाखालून बाहेर आली आणि सॅकमध्ये डोकं घालायला लागली. मैथिली तिथेच खाली बसली.

"आई, मी ती स्वतःला लावून पाहिली," ती म्हणाली. "तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हटलं, तू उगाच बोलतेयस हे सिद्ध करावं. नखं खायची सवय आहे ना मला, तीच पट्टीला शिकवली. आठवडाभर लावली."

"मग?"

"नखं थांबली. साळगावकर सरांनी विचारलं, रविवारी येशील? मी हो म्हटलं. या निष्कर्षातले दोन आकडे गाळू या? हो म्हटलं. गाळले मी, आई. मला मुळीच वाईट वाटत नव्हतं. छान वाटत होतं. तेच..." तिने अपीलला मांडीवर ओढलं. "आठवडा संपल्यावर पट्टी आपोआप बंद पडायची सोय केली होती म्हणून मी सुटले."

पलंगावरून मुकुंदचा हात वर झाला. हेमांगीने आकडा बघितला आणि मास्क काढला.

"गाळलेले आकडे," मुकुंद म्हणाला. "परत घातलेस?"

"घातले, बाबा. कंपनीत सगळ्यांना पाठवलेसुद्धा. दोन लाटा वेगळ्या करता येत नाहीत, हेही लिहिलं. नोकरी बहुतेक गेली."

"छान," मुकुंद म्हणाला आणि मास्कसाठी त्याने स्वतःच हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी साळगावकर स्वतः मिरजेला आले. सोबत एक माणूस होता, त्याने इतके दिवस तसंच पडून असलेलं नवं यंत्र आणि पट्ट्या खोक्यात भरल्या. मुकुंदला लावलेलं जुनं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. साळगावकर खुर्ची ओढून पलंगाशी बसले. मैथिलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"काका, एक छोटंसं काम. तुम्ही घरगुती अडचणीमुळे चाचणी सोडताय, एवढं कॅमेऱ्यासमोर सांगा. पट्टीबद्दल तक्रार नाही म्हणायचं. चारशे रुग्ण आहेत आमचे. त्यांच्या घरच्यांना झोप मिळतेय. तुमच्या एका हट्टापायी ते सगळं थांबू नये." त्यांनी फोन समोर धरला.

मुकुंदने हात वर केला नाही. सरळ मास्क ओढून छातीवर टाकला. हेमांगी पुढे झाली, मास्क उचलला आणि हातात धरून त्याच्या उशाशी उभी राहिली.

"रेकॉर्ड चालू आहे?" मुकुंदने विचारलं. "ठीक. मी ॲडव्होकेट मुकुंद तांबट. मी वर्षभरासाठी हो म्हणालो, तेव्हा माझी नाही म्हणण्याची शक्ती... या कंपनीने बंद केलेली होती. ते हो मी रद्द करतो." तो थांबला, खोल श्वास ओढला. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. "घरच्यांना झोप हवी, हे खरं आहे. माझ्या बायकोलाही हवी. त्यासाठी माणसं द्या मदतीला. चारशे जणांना... प्रत्येकाला... पट्टी काढून, डोकं ताळ्यावर येईपर्यंत थांबून, परत विचारा. तुम्ही विचारलं नाही, तर मी कोर्टातून विचारायला लावीन."

पडद्यावरचा आकडा घसरत होता. त्याच्या ओठांच्या कडा काळसर व्हायला लागल्या होत्या. जुन्या यंत्राने सावकाश एक पिवळा दिवा लावला. मैथिली भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही मुठी आवळून.

"काकू," साळगावकर उठून उभे राहिले, "मास्क लावा त्यांना! आकडा बघताय ना?"

"बघतेय," हेमांगी म्हणाली. मास्क तिने हलवला नाही. "त्याचं बोलून झालं नाहीये अजून."

मुकुंदने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"मुद्दा दुसरा," तो म्हणाला.